कुंदाताईंच्या सुपातले खडे

बातमी छापून आली की माझ्यापुरती ती संपते. दुसऱ्या दिवशी साकोलीच्या बसस्टँडवर तिच्यात समोसे बांधून मिळतात. छापता येत नाही ते मात्र डायरीच्या मागच्या पानांवर साठत राहतं. भंडारा जिल्ह्यात मी आयुष्यभर पत्रकारिता केली. आज माझ्या डायऱ्यांची मागची पानं पुढच्या पानांपेक्षा जास्त मळलेली आहेत.

त्यातली बरीचशी एकाच जागेची आहेत. साकोलीत एका सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूला समुपदेशन केंद्राची एक खोली, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात लाकडी बाक. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाया तिथं येतात. कुंदाताई त्यांचं ऐकतात, कोणाच्या जिवाला किती धोका आहे ते तपासतात आणि कागदावर आणतात. पदाचं नाव समुपदेशक. बाया म्हणतात, 'लिवनारी ताई'.

नावं बदलली आहेत, गावं थोडी सरकवली आहेत. ज्यांच्या गोष्टी आहेत त्यांना वाचून दाखवल्या आहेत. एक म्हणाली, "माह्या साडीचा रंग बदलवा भाऊ, बाकी राहू द्या." बदलला आहे.

•

कुंदाताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. एका दुपारी त्या आमच्या कार्यालयात आल्या, माझ्या टेबलावर कात्रण ठेवलं. 'किरकोळ कारणावरून पत्नीस मारहाण.' बातमी माझीच होती.

"भाऊ, किरकोळ म्हणजे काय होतं हो?"

मी म्हणालो, "भाजीत मीठ कमी होतं. पोलिसांनीच सांगितलं."

"तुमच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तर तुम्ही काय करता?"

"वरून घेतो."

"मग कारण मीठ नाही," ताई म्हणाल्या आणि कात्रण तिथंच ठेवून निघून गेल्या.

मी आयुष्यात भल्याभल्या साहेबांशी वाद घातले, पण त्या दिवशी ते कात्रण मी डायरीत ठेवलं. आमच्या धंद्यात असे शब्द तयारच ठेवलेले असतात. 'किरकोळ वाद', 'घरगुती कारण', 'रागाच्या भरात'. हा राग ठाणेदारासमोर कधी भरत नाही, मालकासमोर भरत नाही, बरोबर घराचा उंबरठा ओलांडला की भरतो! आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक तो जसाच्या तसा छापतो. 'किरकोळ' हा शब्द मी त्या दिवसापासून लिहिलेला नाही. उपसंपादक अजूनही घालतो. त्याच्याशी माझं भांडण चालूच आहे.

•

ताईंकडं एक छापील फॉर्म असतो. त्यात प्रश्न असतो, 'पती मारहाण करतो का?' आणि त्याला जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर असतं, 'नाही.'

हाताला प्लास्टर असलेली बाई म्हणते, नाही. पुढचा दात पडलेली म्हणते, नाही, बाथरूममध्ये घसरली. एकीनं तर फार विचार करून सांगितलं, "मारत नाही ताई, तो फक्त हात उचलते."

म्हणून ताईंनी स्वतःचा एक प्रश्न काढला. फॉर्म बाजूला ठेवायच्या आणि सहज विचारायच्या, "त्याची गाडी दारात वाजली, की तू काय करत असतेस?"

एक म्हणाली, "टीव्ही बंद करते."

एक म्हणाली, "चुलीवरचं पानी उतरवून ठेवते. गरम पानी जवळ नको."

एक बाई खळखळून हसली. "काय करू? मी म्हणते, आला बाप्पा, आता चहा मांडा लागते." ताईंनी समासात लिहिलं, 'हिचं भांडण खरं आहे, भीती नाही.'

मग मंगला आली. चैत्राचं कडक ऊन होतं आणि हिनं पदर गळ्याभोवती दोन वेढे घेऊन घट्ट लपेटला होता. सासर अड्याळच्या बाजूला, माहेर साकोलीजवळच्या तलावाच्या गावात. दोन्हीकडं मासेमारी करणारी घरं. ती तीन वर्षांच्या पोरीला घेऊन माहेरी निघून आली होती, आणि भावानं तिला केंद्रात आणलं होतं ते एवढ्यासाठी की ताईंनी समजूत घालून तिला परत पाठवावं.

फॉर्मवरच्या सगळ्या प्रश्नांना मंगलानं 'नाही' म्हटलं. मग ताईंनी गाडीचं विचारलं.

"पोरीले उचलते," मंगला म्हणाली, "अन् मागच्या दारापाशी जाऊन उभी राहते."

"रोज?"

"रोजच तं येते ना गाडी."

•

आता ते सूप.

ताईंच्या खोलीत टेबलाशेजारी एक सूप असतं, त्यात दोन-तीन ओंजळी तांदूळ. बाई येऊन बसली की ताई म्हणतात, "जरा एवढे खडे काढून देशील का ग? माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत." डोळे उत्तम आहेत. पण आमच्या या धानाच्या मुलखात सूप समोर आलं आणि बाईनं हात घातला नाही, असं होत नाही. हात चालू झाले की मान खाली जाते, समोरच्याकडं बघावं लागत नाही. मग पंधराव्या-विसाव्या खड्याला कुठंतरी खरं बोलणं सुरू होतं.

एकदा वरून तपासणीला साहेब आले. रजिस्टरं पाहिली, पंखा पाहिला, सूप पाहिलं.

"हे काय आहे?"

"तांदूळ, सर."

"ऑफिसात?"

"बाया रिकाम्या हातानं बोलत नाहीत, सर."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. ताई रजिस्टरांवर सह्या करत बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली, तर साहेबांनी सूप मांडीवर घेतलेलं होतं आणि बोटं चालू होती.

"माझी मोठी बहीण माहेरी आली की हेच करत बसायची," साहेब म्हणाले. "दिवसभर. आम्ही भावंडं म्हणायचो, ताई किती कामाची आहे."

पुढं ते सूप संपेपर्यंत निवडत राहिले. ताईंनी पुढचं रजिस्टर उघडलं. जाताना साहेबांनी शेरा लिहिला, 'केंद्रात एकच सूप आहे. आणखी एक पुरवावे.'

त्या सुपाची मंजुरी अजून यायची आहे. दुसरं सूप ताईंनी बाजारातून आणलं.

•

ते दुसरं सूप माझ्या वाट्याला आलं. खोलीत बाई बसलेली असताना पत्रकारानं आत पाऊल टाकायचं नाही, हा ताईंचा नियम. मी बाहेर बाकावर बसून व्यवस्थेच्या नावानं मोठमोठ्यानं बोलत असे. एक दिवस ताईंनी सूप आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "भाऊ, हाताले काम, तोंडाले सुट्टी."

आत मंगला होती. तिची ती तिसरी खेप. दर वेळी ती यायची, तांदूळ निवडायची, मारहाणीबद्दल एक शब्द न बोलता जायची. पदर तसाच.

मी इरेला पेटून निवडलं. एक खडा राहू दिला नाही. आणि निवडलेले सगळे खडे समोरच्या नालीत फेकून दिले. मंगला गेली, मग मी शहाण्यानं आत जाऊन तिचे खडेही उचलले आणि तेही नालीत टाकले.

संध्याकाळी ताईंनी दोन्ही सुपं पाहिली.

"खडे कुठे आहेत?"

"फेकले."

"फेकले?"

"खडेच होते ना ताई."

ताई मटकन खुर्चीत बसल्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तांदूळ तेच असतात, खडेही तेच. रोज संध्याकाळी केंद्र बंद करताना ताई निवडलेले खडे परत तांदळात मिसळतात. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्यासारख्या भाऊरायांना तर नाहीच.

"साफ तांदूळ समोर ठेवले तर उद्याची बाई काय करील? 'झालं ताई, जातो' म्हणून उठून जाईल," त्या म्हणाल्या. "कितीजणींचे हात लागलेले खडे होते ते, भाऊ."

मग मी, जिल्ह्यातला ज्येष्ठ पत्रकार, उजेड होता तोवर नालीत उकिडवा बसून तांदळाएवढे खडे वेचत होतो. सतरा सापडले.

ही फजिती गावोगावी पोचली. चिखल्याच्या खाणकामगारांच्या वसाहतीत बेबीबाई राहतात. पूर्वी ताईंकडं आलेल्या, आता सुखी. त्यांनी एसटीनं येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पुडी पाठवली. आत बारीक, काळे, जड खडे. मँगनीजचे. सोबत निरोप, 'पत्रकार भाऊले फेकाले कामी पडतीन.'

ताईंनी ते पांढऱ्या तांदळात टाकून पाहिले आणि हसल्या. "हे तर लगेच दिसतात. दोन मिनिटांत काम संपेल. बाईला वेळ लागला पाहिजे." पण पुडी त्यांनी टाकली नाही. काचेच्या बरणीत भरून ठेवली. "एखादी डोळ्यांनी अधू असली तर तिला देऊ."

•

मंगलाच्या बाबतीत माझं ताईंशी खूप भांडण झालं.

गुरुवारी दोन्ही घरांची एकत्र बैठक ठरली होती. नवरा तिला न्यायला येणार होता. कागदावर धोक्याचं काहीही नव्हतं, सगळीकडं 'नाही'. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी मंगला आणि ती पोरगी त्याच्या गाडीवर बसून परत अड्याळकडं जाणार, हे उघड होतं.

"तुम्हाला दिसतंय ना तिच्या गळ्याला काहीतरी झालंय?" मी म्हणालो. "मग लिहून टाका."

"पदर दिसतो. गळा मला तिनं दाखवलेला नाही."

"ताई, ज्यानं एकदा गळा दाबला तो पुढं काय करतो, हे तुम्हीच मला शिकवलं. सगळ्यात मोठी धोक्याची खूण तीच, हे तुमचेच शब्द."

"माझेच."

"मग?"

"तिनं नाही म्हटलं, आणि मी हो लिहिलं, तर तिच्या नवऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? तो पण तिच्या तोंडचं आपणच बोलतो. मी पण बोलले." ताईंनी फॉर्म मिटून ठेवला. "तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागते?"

मी पिशवी उचलून बाहेर पडलो. पण राग गेला नव्हता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

•

गुरुवारी नवरा आला. आणि इथंच आपल्या लोकांची फसगत होते. असा माणूस लाल डोळ्यांचा, तोंडाला दारूचा वास असलेला असेल, असं आपण धरून चालतो. हा न्हालेला-धुतलेला, पांढरा शर्ट, भांग पाडलेला. वाकून ताईंच्या पाया पडला. "ताई, तुमी म्हणान तसं." पोरीसाठी फुगा आणला होता. गावातले दोन प्रतिष्ठित बरोबर होते, त्यांनी पेढे आणले होते. अजून काही ठरलं नव्हतं, तरी पेढे! एकानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, जोडीचा फोटो घ्या. 'तुटता संसार सावरला' असं छान हेडिंग द्या."

मी म्हणालो, "हेडिंग मी देईन, पण ते तुम्हाला आवडणार नाही."

बरोबर सासूही आली होती. काटकुळी म्हातारी, डोळ्यांवर जाड चष्मा, बोटं जाळी विणून विणून वाकलेली. ती सरळ, पोरीला घेऊन आत निघालेल्या सुनेच्या मागोमाग, खोलीत शिरायला लागली.

ताईंनी दारात अडवलं. "आजी, आधी एकटीशी बोलते. मग सगळे."

"काहून? मी का परकी हावो?"

"परक्या नाही. पण नियम आहे."

म्हातारी हलेना. ताईंनी तिच्या चष्म्याकडं पाहिलं, आत गेल्या, आणि सूप घेऊन आल्या. तांदळात बेबीबाईंचे काळे खडे. "आजी, तोवर एवढं करता का?"

म्हातारीनं सुपाकडं पाहिलं आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. दार लागलं. पलीकडं निंबाखाली नवरा आणि ते दोघं बसले होते.

थोडा वेळ ती निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "आत काय इचारते हो बाई?"

"फॉर्म भरतात. प्रश्न असतात."

"काय असतेत?"

कोरा फॉर्म माझ्या पिशवीत होता. खरं सांगतो, मी तो चांगुलपणानं काढला नाही. रागानं काढला. म्हटलं, या बाईला ऐकवूच, हिच्या पोराबद्दल आत काय विचारतात ते. शेवटी धोक्याचे पाच प्रश्न असतात, ते मी हळू आवाजात वाचायला घेतले.

"पती शिव्या देऊन अपमान करतो का?"

म्हातारीनं एक काळा खडा उचलला आणि बाकावर ठेवला.

"हात उचलतो का?"

आणखी एक खडा, पहिल्याशेजारी. मला वाटलं, निवडतेय. पण बाकीचे खडे ती सुपाच्या कडेला सारत होती. बाकावर फक्त हे दोन.

"जिवे मारण्याची धमकी दिली आहे का?"

तिसरा खडा.

"घराबाहेर जाण्यास मनाई करतो का?"

तिचं बोट थांबलं. "नाही बा. मासोया विकाले कोन गेलं असतं मंग?" या प्रश्नाला खडा नाही.

मला आता पुढचा वाचवेना. "वाच," ती म्हणाली.

"कधी गळा दाबला आहे का?"

तिनं चौथा खडा ठेवला. बोटानं तांदूळ बाजूला सारले. मग पाचवा उचलला. तो ओळीत ठेवला नाही, जरा बाजूला ठेवला.

"हा कशाचा, आजी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बंद दाराकडं पाहिलं. मग पाचही खडे मुठीत घेतले, सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून दार ढकललं. नियम ठाऊक असूनही मी तिला वाट दिली.

आतलं मला मंगलानं नंतर सांगितलं. म्हातारीनं टेबलावर चार खडे मांडले.

"हे माह्ये. याचा बाप होता तवाचे. मले कोनी इचारलं नाही, म्या कोनाले सांगतलं नाही." मग पाचवा ठेवला. "हा हिचा. होळीच्या दिवशी. गळ्यावरचे हात म्या सोडवले. माह्याच पोराचे हात."

ताईंनी लगेच पेन उचललं नाही. त्या मंगलाकडं वळल्या. "आजी बोलल्या ते मी ऐकलं. पण तुझं तूच सांगायचं. नाही म्हटलंस तरी मी नाहीच लिहीन."

मंगलानं सासूकडं पाहिलं. म्हातारी चष्मा काढून पुसत होती. मंगलानं हात पुढं केला, टेबलावरचा तो पाचवा खडा उचलून आपल्याकडं ठेवला आणि गळ्याभोवतीचा पदर सोडला.

"लिवा, ताई."

फॉर्म भरायला दीड तास लागला. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांना फोन गेला, पोलीस ठाण्यातून महिला शिपाई आली. एकत्र बैठक झालीच नाही. पेढेवाल्या प्रतिष्ठितांना एकाएकी बसची वेळ आठवली.

नवऱ्याच्या जबाबाचे सोपस्कार झाल्यावर तो व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. हातात फुगा तसाच. "माय, चाल."

"तू जाय," म्हातारी म्हणाली. "म्या हिच्या मायघरी रायतो, पोरीपाशी."

तो तिच्याकडं पाहतच राहिला. मग वळला. चार पावलं गेला असेल, तोच तिनं मागून हाक दिली.

"गाडी हळू चालव रे."

गाडीचा आवाज झाला. आत मंगला खुर्चीतून अर्धवट उठली होती, पोरीला उचलायला. आवाज दूर गेला तशी ती परत बसली.

म्हातारीनं माझ्या मांडीवरचं सूप घेतलं. आत जाऊन टेबलावरचे आपले चार खडे आणले, मंगलाकडून पाचवा मागून घेतला. कडेला सारलेले खडेही गोळा केले. आणि सगळे परत तांदळात टाकून सूप दोन्ही हातांनी हलवलं.

हे ताईंनी तिला सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"अहो आजी," मी म्हणालो, "निवडून झाले होते ना?"

तिनं सूप बाकावर ठेवलं, पदराला हात पुसले.

"उद्या दुसरी कोनी येईन ना."